वृक्षनेचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वृक्षनेचा म्हणजे नेमके काय?

बहुतेक नेच्यांचे (फर्नचे) खोड आपल्याला दिसतच नाही. ते मातीत किंवा मातीलगत आडवे सरपटते आणि आपल्या नजरेला पडतात ती फक्त वर आलेली पाने. काही जातींत हेच खोड आडवे होण्याऐवजी ताठ उभे राहते, काही मीटर वर चढते आणि शेंड्याला पानांची छत्री धरते. त्यांना वृक्षनेचे म्हणतात. शब्द दिसण्यावरून आला आहे. वनस्पतिशास्त्रात मात्र तो साधारणपणे एका विशिष्ट गणासाठी वापरतात: सायथिएलीझ. (जवळच्या जातींची मिळून प्रजाती, प्रजातींचे कुल आणि कुलांचा गण होतो.) या गणात सुमारे ७०० जाती आहेत आणि त्यांतल्या ६०० हून अधिक एकट्या सायथिएसी कुलातल्या आहेत.

मग याला झाड म्हणायचे की नाही?

बोलताना खुशाल म्हणा. शास्त्राच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. आंबा किंवा साग वर्षागणिक जाड होत जातो, कारण सालीच्या आत कॅम्बियम नावाचा पेशींचा एक पातळ थर सतत आतल्या बाजूला लाकूड भरत असतो. वृक्षनेच्यात हा थरच नाही. शेंड्याच्या कोंबातून खोड जेवढ्या जाडीचे बाहेर आले, तेवढेच ते जन्मभर राहते. म्हणून वृक्षनेच्याच्या खोडात वर्षवलये नसतात आणि खऱ्या अर्थाने लाकूडही नसते.

याचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. रोपटे लहान असताना खोडाचा व्यास बोटाएवढाच असतो आणि कोंब हळूहळू मोठा होत गेला की पुढचे खोड जाड निघते. म्हणजे मूळ खोड तळाशी सगळ्यांत बारीक आणि वर जाड, उलटा धरलेला शंकू. असा शंकू टोकावर उभा करून पाहा, क्षणात कोसळेल. प्रत्यक्षात वृक्षनेच्याचा बुंधा तळाशीच सगळ्यांत रुंद दिसतो. हे कोडे मुळे सोडवतात.

म्हणजे त्याला उभे कोण धरते?

दोन गोष्टी. पहिली, मुळांचे आवरण. खोडाच्या बाजूंनी असंख्य बारीक आगंतुक मुळे फुटतात आणि खोडाला चिकटून खाली उतरतात. वरून येणारी मुळे खालच्या मुळांवर चढत जातात, त्यामुळे तळाशी त्यांचा थर सर्वांत जाड होतो. जुन्या वृक्षनेच्याच्या तळाला जो काळा, राठ, जटांसारखा भाग दिसतो, तो सगळा मुळांचा गुंता आहे. खरे खोड त्याच्या आत कुठेतरी मनगटाएवढे असते. आडव्या कापलेल्या ओंडक्यावर हे अगदी स्पष्ट दिसते. बाहेरचा बराचसा भाग काळ्या तारांच्या ब्रशसारखा आणि मधोमध एक लहानसे वर्तुळ.

दुसरी गोष्ट त्या वर्तुळात आहे. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या ऊतींचा संच, म्हणजे रंभ, इथे एकसंध नळी नसतो. पानांना फाटे जिथे जिथे निघतात तिथे खिडक्या पडलेली ती जाळी असते. आडव्या छेदात तिचे पांढुरके, नागमोडी पट्टे वर्तुळात मांडलेले दिसतात, आणि प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही अंगांना काळ्याभोर कठीण ऊतीची किनार असते. या किनारीला नख लावून पाहिले तर नखच दुखते. बांधकामात सळ्या जे काम करतात तेच काम ही किनार करते. खोडाचा गाभा मात्र मऊ, पिठूळ असतो; सायथिएसी कुलात त्या गाभ्यातही लहान वाहक जुड्या विखुरलेल्या आढळतात.

खोडावरचे गोल ठसे कसले असतात?

गळलेल्या पानांच्या देठांचे. ठशाच्या आत बारीक ठिपके दिसतात. ते त्या पानाला पाणी पुरवणाऱ्या वाहक जुड्यांचे कापलेले तोंड. स्फेरोप्टेरिस कूपेरी या ऑस्ट्रेलियन जातीत पाने इतकी स्वच्छ गळतात, की खोडावर नाणी चिकटवल्यासारखे अंडाकृती ठसे राहतात. इंग्रजीत तिचे एक नावही नाण्याच्या ठिपक्यांवरून पडले आहे. न्यूझीलंडच्या स्फेरोप्टेरिस मेड्युलॅरिसच्या काळ्या खोडावर हेच ठसे षटकोनी दिसतात. डिक्सोनिया या वृक्षनेच्यांच्या दुसऱ्या प्रजातीत पाने अशी नीट गळत नाहीत. देठांचे खुंट तसेच राहतात आणि खोड तपकिरी, केसाळ, खडबडीत दिसते.

वय कसे ओळखायचे?

वर्षवलये नाहीत, तेव्हा ठसे मोजायचे आणि वर्षाला साधारण किती पाने येतात त्याने भागायचे. तळाचे ठसे मुळांखाली गाडलेले असतात, म्हणून उत्तर अंदाजाचेच राहते. वाढीचा वेगही जातीनुसार फार बदलतो. डिक्सोनिया अंटार्क्टिका वर्षाला जेमतेम ३ ते ५ सेंटिमीटर वाढते, तर स्फेरोप्टेरिस कूपेरी चांगल्या जागी त्याच्या कितीतरी पट वेगाने वर जाते. त्यामुळे उंची पाहून ‘हा शंभर वर्षांचा असावा’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

कोवळे पान गोगलगाईसारखे गुंडाळलेले का असते?

नेच्याच्या पानाची वाढ टोकाकडून होते आणि ते टोक अत्यंत नाजूक असते. गुंडाळीत ते अगदी मध्यभागी, सगळ्यांत सुरक्षित जागी राहते. बाहेरचे वेढे उलगडत, टणक होत जातात आणि टोक शेवटी उघडते. साध्या नेच्यात ही गुंडाळी नखाएवढी असते. मोठ्या वृक्षनेच्यात ती मुठीएवढी होते आणि तिच्यावर केसांचा किंवा खवल्यांचा इतका दाट थर असतो, की हात लावताना एखाद्या प्राण्याला स्पर्श केल्यासारखे वाटते.

उलगडलेले पान बहुधा दोनदा किंवा तीनदा पिच्छाकृती विभागलेले असते: मुख्य कण्यावर दले, दलांवर उपदले आणि उपदलांना पुन्हा खाचा. लांबी दोन-तीन मीटर ही सामान्य बाब आहे, आणि मोठ्या जातींत ती त्याहून पुष्कळ अधिक भरते. इतके मोठे छत एकाच देठावर तोलायचे म्हणून देठ चांगला मनगटाएवढा जाड होतो. अल्सोफिला स्पायन्युलोझासारख्या जातींत त्यावर काटेही असतात.

फूल नाही, फळ नाही, बी नाही. मग पुढची पिढी येते कुठून?

पान उलटे करा. मागच्या बाजूला तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतील. पुष्कळ लोक त्याला कीड समजून पाने तोडून टाकतात. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजुककोशांचा पुंज, आणि प्रत्येक बीजुककोशात साधारण ६४ बीजुके, म्हणजे ज्यांतून पुढची पिढी रुजते ते सूक्ष्म कण, असतात. बीजुककोशाच्या भोवती जाड भिंतीच्या पेशींचे एक तिरपे वलय असते. हवा कोरडी झाली की त्या पेशींतले पाणी उडते, वलय ताणत ताणत मागे वळते आणि मग एकदम झटक्याने परत फिरते. या गोफणीतून बीजुके हवेत फेकली जातात. भिंगाखाली, दिव्याच्या उबेत, हे उडणे प्रत्यक्ष पाहता येते. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच.

हे वलय तिरपे असणे महत्त्वाचे आहे. नेहमीच्या बागेतल्या बहुतेक नेच्यांत ते उभे असते आणि बीजुककोशाच्या देठापाशी तुटते. वृक्षनेच्यांत ते तिरपे, देठाला वळसा घालून जाणारे असते. वर्गीकरणात या एका वलयाला मोठे वजन आहे.

बीजुक ओल्या मातीवर पडून रुजले की त्यातून वृक्षनेचा उगवत नाही. उगवतो तो काही मिलिमीटरचा, हिरवा, हृदयाच्या आकाराचा चपटा तुकडा. ही स्वतंत्र पिढी आहे आणि तिला गंतुकधारी म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला पुंपेशी आणि अंडपेशी तयार होतात. पुंपेशीला अनेक केसाळ शेपट्या असतात आणि ती पाण्याच्या थरातून पोहत अंडपेशीपर्यंत जाते. पाणी नसेल तर मीलन नाही. मीलनानंतर त्या चपट्या तुकड्यावरच नव्या वृक्षनेच्याचे पहिले इवलेसे पान वर येते, आणि आईसारखा तो हिरवा तुकडा पुढे सुकून जातो.

पंधरा मीटर उंच वनस्पतीचे सगळे भवितव्य नखाएवढ्या ओल्या तुकड्यावर अवलंबून असते. हे ठाऊक झाले की पुढचा प्रश्न आपोआप सुटतो.

ही झाडे उष्ण प्रदेशातल्या धुकट डोंगरांवरच का दिसतात?

‘च’ थोडा सैल करायला हवा, पण दिशा बरोबर आहे. सतत ओल, फारसे न गोठणारे तापमान आणि कोरडा वारा नसणे, या तिन्ही गोष्टी उष्णकटिबंधातल्या मध्यम उंचीच्या ढगाळ जंगलांत एकत्र मिळतात. मध्य अमेरिका, अँडीज पर्वताचे उतार, मादागास्कर, आग्नेय आशिया आणि न्यू गिनी हे सायथिएसीचे समृद्ध प्रदेश आहेत. भारतात पश्चिम घाट, ईशान्येकडचे डोंगर आणि निकोबार बेटांवर या कुलातल्या जाती आढळतात.

समशीतोष्ण प्रदेशातही काही जाती खोलवर गेल्या आहेत. डिक्सोनिया अंटार्क्टिका टास्मानियात बर्फ अंगावर घेऊन उभी असते. अल्सोफिला स्मिथाय तर न्यूझीलंडच्या दक्षिणेला, साधारण ५० अंश दक्षिण अक्षांशावरच्या ऑकलंड बेटांपर्यंत पोचली आहे; इतक्या दक्षिणेला दुसरा वृक्षनेचा नाही.

माड, सायकस आणि वृक्षनेचा दुरून सारखेच दिसतात. फरक कसा करायचा?

कोवळे पान पाहा. माडाचे कोवळे पान भाल्यासारखे सरळ वर येते. वृक्षनेच्याचे पूर्ण पानच गुंडाळलेले असते. सायकस इथे फसवतो, कारण त्याच्या पानातली बारीक दले लहानपणी गुंडाळलेली असतात. पण त्याचे पान चामड्यासारखे टणक आणि एकदाच विभागलेले असते, आणि त्याला बिया येतात. पानामागे तपकिरी पुंज दिसले तर प्रश्नच मिटला.

वर्गीकरणात वृक्षनेचे कुठे बसतात?

नेच्यांच्या वर्गात, पातळ भिंतीचे बीजुककोश असणाऱ्या मोठ्या गटात, सायथिएलीझ या गणात. २०१६ साली नेच्यांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जे एकत्रित वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात या गणाखाली आठ कुले आहेत. त्यांपैकी नावाजलेली तीन: सायथिएसी, डिक्सोनिएसी आणि सिबोटिएसी. थायर्सोप्टेरिडेसी कुलात आज एकच जाती जिवंत आहे, थायर्सोप्टेरिस एलेगन्स, आणि तीही चिलीच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या हुआन फर्नांडेझ बेटांवर. बाकीची चार कुले (लॉक्सोमेटेसी, क्युल्सिटेसी, प्लॅजिओगायरिएसी, मेटॅक्सिएसी) लहान आहेत आणि गंमत म्हणजे त्यांतले नेचे बहुतेक उंच वाढतच नाहीत.

उंच न वाढणारे नेचे वृक्षनेच्यांच्या गणात कसे?

कारण गण नात्याने ठरतो, उंचीने नव्हे. बीजुककोशाचे वलय, बीजुकांची ठेवण आणि सगळ्यांत शेवटी डीएनए यांनी हे नाते दाखवून दिले. खुद्द सायथिएसीतही अल्सोफिला कोलेन्साय ही न्यूझीलंडची जाती आहे. तिचे खोड जमिनीवर लोळलेले असते.

उलट बाजूही आहे. हवाईतल्या सॅडलेरिया प्रजातीचे नेचे व्यवस्थित खोड करून उभे राहतात, पण ते ब्लेक्नेसी कुलातले, म्हणजे वृक्षनेच्यांचे दूरचे पाहुणे. ऑस्मुंडेसीतल्या टोडियालाही जाड बुंधा येतो. उभे खोड ही सोय नेच्यांच्या इतिहासात एकाहून अधिक वेळा निर्माण झाली. म्हणून खोडावरून कुल ठरवू नका.

मग कुल कशावरून ठरवायचे?

देठाच्या तळावरून. माझ्या मते वृक्षनेच्याकडे पाहायला येणाऱ्याने मान वर करण्याआधी खाली वाकावे किंवा कोंबाजवळच्या देठाला भिंग लावावे. तिथे केस आहेत की खवले, एवढा एक प्रश्न विचारला की अर्धे काम झाले.

केस म्हणजे पेशींची एकच रांग, धाग्यासारखी. खवला म्हणजे पेशींचा चपटा पापुद्रा, अनेक रांगांचा. सायथिएसीत खवले असतात. डिक्सोनिएसी आणि सिबोटिएसीत केस असतात. नुसत्या डोळ्यांना दोन्ही ‘लव’ वाटतात आणि इथेच चूक होते. मीही एकदा सुकलेल्या नमुन्यावरची सोनेरी लव खवले समजून सिबोटियमला सायथिएसीत टाकले होते. भिंग खिशात होते, ते काढायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी एक केस चिमट्याने उपटून पाण्याच्या थेंबात ठेवला तेव्हा पेशींची ती एकेरी माळ समोर आली आणि पाटी बदलावी लागली.

दुसरी खूण पुंजांची जागा. सायथिएसीत पुंज गोल असतात आणि पानाच्या मागच्या पृष्ठावर, शिरांवर येतात. त्यांच्यावरचे संरक्षक आवरण, म्हणजे पुंजत्राण, कधी वाटीसारखे, कधी पूर्ण गोलासारखे, कधी एका बाजूचा लहानसा खवला, तर कधी नसतेच. डिक्सोनिएसी आणि सिबोटिएसीत पुंज पानाच्या कडेला येतात आणि दोन झडपांच्या मध्ये बसतात, शिंपल्यासारखे. डिक्सोनियात बाहेरची झडप म्हणजे पानाची वळलेली कडच असते.

सायथिएसीतल्या प्रजातींची नावे दर काही वर्षांनी का बदलतात?

हा प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारला जातो आणि तक्रार रास्त आहे.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली कॅरिबियन बेटांवरच्या एका वृक्षनेच्याला पॉलिपोडियम आर्बोरियम म्हटले. तेव्हा गोल पुंज असलेले बहुतेक नेचे याच एका प्रजातीत कोंबलेले होते. १७९३ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी सायथिया ही प्रजाती वेगळी काढली. लहान वाटी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, कारण पुंजत्राण वाटीसारखे होते. पुढे रॉबर्ट ब्राऊन यांनी १८१० मध्ये ज्यांना पुंजत्राण नव्हते अशांसाठी अल्सोफिला केली. म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा नियम सोपा होता: पूर्ण वाटी असेल तर सायथिया, अर्धवट असेल तर हेमिटेलिया, नसेल तर अल्सोफिला.

नियम सोपा होता, पण निसर्गाने तो पाळला नाही. पुंजत्राण अनेक वंशशाखांत स्वतंत्रपणे नाहीसे झालेले आहे. केवळ टोपी घातलेली नाही म्हणून दोन माणसे भाऊ ठरवावीत, तसला तो प्रकार. विसाव्या शतकात रिचर्ड एरिक होल्टम यांनी आग्नेय आशियातल्या जातींचा अभ्यास करून जवळपास सगळ्यांना एकाच विशाल सायथिया प्रजातीत ठेवले आणि खवल्यांकडे लक्ष वेधले. १९७० मध्ये रॉला ट्रायॉन यांनी त्याच खवल्यांच्या आधारे कुलाचे सहा प्रजातींत विभाजन केले. डीएनए आल्यावर त्यांतल्या काही टिकल्या आणि काही दुसऱ्यांच्या पोटात गेल्या: नेफेलिया अल्सोफिलात, ट्रिकिप्टेरिस आणि नेमिडारिया सायथियात.

२०१६ च्या वर्गीकरणाने तीन प्रजाती मान्य केल्या: स्फेरोप्टेरिस, सायथिया आणि अल्सोफिला. त्यानंतर अल्सोफिलातून जिम्नोस्फेरा ही चौथी वेगळी मानण्याकडे काही अभ्यासकांचा कल आहे. त्यामुळे दक्षिण भारतापासून आग्नेय आशियापर्यंत वाढणारा एकच नेचा तुम्हाला सायथिया जायगँटिया, अल्सोफिला जायगँटिया आणि जिम्नोस्फेरा जायगँटिया अशा तीन पाट्यांखाली सापडेल. नावाचा मागचा भाग तोच राहतो. शोधताना तो धरून ठेवा.

या प्रजाती खवल्यांवरून कशा ओळखतात?

देठाच्या तळाचा एक पूर्ण खवला काचपट्टीवर पाण्यात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कड पाहायची.

स्फेरोप्टेरिसच्या खवल्यात मधल्या आणि कडेच्या पेशी सारख्याच असतात. सगळा पापुद्रा एकाच विणीचा, फक्त कडेने बारीक दात. अल्सोफिला आणि सायथियात कडेच्या पेशी मधल्यांहून निराळ्या, लहान आणि वेगळ्या दिशेने लावलेल्या असतात, लुगड्याच्या काठासारख्या. मग टोक पाहायचे. अल्सोफिलाच्या खवल्याच्या टोकावर एक काळसर ताठ काटा असतो, सायथियाच्या टोकावर तो नसतो. जिम्नोस्फेरा मानणारे लोक त्याशिवाय पानाचा काळा, चकचकीत कणा आणि बहुधा उघडे पुंज यांकडेही बघतात.

खवल्याचे टोक हा फार ठिसूळ भाग आहे. सुकलेल्या नमुन्यात ते हमखास तुटलेले असते, आणि मग अल्सोफिलाचा सायथिया व्हायला वेळ लागत नाही. कोवळ्या, अजून न उलगडलेल्या पानावरचे खवले घ्यावेत.

गुणसूत्रांचा काही आधार मिळतो का?

चांगला मिळतो. गुणसूत्रांच्या एका मूळ संचात सायथिएसीत ६९ गुणसूत्रे असतात, सिबोटियमात ६८ आणि डिक्सोनियात ६५. अल्सोफिला स्पायन्युलोझाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा आराखडा, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सहा अब्ज आधारजोड्यांहून मोठा आहे, म्हणजे माणसाच्या जवळजवळ दुप्पट.

कोळशाच्या थरांतले वृक्षनेचे हेच का?

नाहीत, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. कार्बनी आणि पर्मियन काळातल्या दलदलीत सॅरोनियस नावाचे, दहा मीटरपर्यंत उंच जाणारे नेचे होते. त्यांनाही मुळांचे जाड आवरण होते आणि दिसायला ते आजच्यासारखेच होते. पण त्यांचे नाते मॅरॅटिएलीझ या वेगळ्या गणाशी आहे. आजच्या सायथिएलीझचे खात्रीलायक जीवाश्म ज्युरासिक काळापासून मिळतात. क्रिटेशस काळातला टेम्प्सकिया तर आणखी निराळा: त्याचा बुंधा म्हणजे अनेक बारीक खोडांची आणि मुळांची एकत्र बांधलेली मोळी होती.

वनस्पतीतून उगवणाऱ्या कोकराची कथा ऐकली, ती काय?

मध्ययुगीन युरोपात अशी समजूत होती, की मध्य आशियातल्या तातारी प्रदेशात एका झाडाला जिवंत कोकरू येते, देठाला बांधलेले, भोवतालचे गवत खाणारे. पुढे चीनहून आणलेली ‘कोकरे’ दाखवली जाऊ लागली. १६९८ मध्ये हान्स स्लोन यांनी अशा एका नमुन्याचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले: तो नेच्याच्या केसाळ खोडाचा तुकडा होता, पानांच्या देठांचे खुंट पाय म्हणून ठेवलेले. त्या नेच्याचे आजचे नाव सिबोटियम बॅरोमेट्झ. त्याचे सोनेरी केस पाहिले की फसणाऱ्यांना फार दोष देववत नाही. हवाईतल्या सिबोटियमचे असेच केस एकोणिसाव्या शतकात गाद्या-उशांत भरण्यासाठी निर्यात होत.

शेंडा मोडला तर वृक्षनेचा जगतो का?

बहुतेक नाही. बहुसंख्य जातींत वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की खोड कितीही धडधाकट असले तरी नवे पान येत नाही. अपवाद आहेत: डिक्सोनिया स्क्वॅरोझा जमिनीखालून फुटवे काढते. डिक्सोनिया अंटार्क्टिकाचे खोड मध्ये कापून वरचा भाग लावला तर तो पुन्हा मुळे धरतो, कारण मुळे खोडभर असतातच. खालचा भाग मात्र मरतो.

सुकलेली पाने खोडाभोवती झालरीसारखी लोंबतात, ती काढावीत का?

जातीचा स्वभाव आहे, राहू द्यावी. अल्सोफिला स्मिथायची झालर प्रसिद्ध आहे. वेली आणि मोठ्या अपिवनस्पतींना (दुसऱ्या झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींना) ती खोडावर चढू देत नसावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. आफ्रिकेतल्या अल्सोफिला कॅपेन्सिस या जातीत देठांच्या तळाशी केसांच्या टोपासारखी बारीक, विरळ दले येतात.

याहून नवलाची गोष्ट पनामातल्या सायथिया रोजासियानाची. तिची जुनी पाने वाळून जमिनीवर टेकतात आणि त्या मेलेल्या पानांच्या कण्यातून मुळे फुटून मातीत शिरतात. वाहक ऊतींचा प्रवाह उलटा होतो आणि पान मुळाचे काम करू लागते. २०२४ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. पान मेले की संपले, हे आपण किती सहज धरून चालतो!

वृक्षनेच्यांना धोका कोणाचा?

एक म्हणजे खोडाभोवतीच्या त्या मुळांच्या आवरणाचा व्यापार. ऑर्किड लावायला ते उत्तम माध्यम आहे: पाणी धरते, लवकर कुजत नाही. पण ते मिळवायला पूर्ण वनस्पती तोडावी लागते आणि तेवढी जाडी यायला अनेक दशके जातात. ब्राझीलच्या डिक्सोनिया सेलोवियानाची, तिथे तिला शाशिम म्हणतात, यापायी मोठी हानी झाली. आता आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या धोक्यातल्या वन्य जातींविषयीच्या कराराचे नियंत्रण आहे: सायथिएसीतील जाती, सिबोटियम बॅरोमेट्झ आणि अमेरिका खंडांतली डिक्सोनिया परिशिष्ट २ मध्ये आहेत. म्हणजे बंदी नाही, पण परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही.

दुसरे म्हणजे कधी कधी धोका वृक्षनेच्यापासूनच असतो. स्फेरोप्टेरिस कूपेरी शोभेसाठी हवाईत नेली गेली. वेगाने वाढणारी आणि अमाप बीजुके उडवणारी ही जाती तिथल्या जंगलात घुसली आणि स्थानिक सिबोटियमच्या जागा बळकावू लागली. दोघींचा फरक सांगायला पुन्हा तीच खूण: हवाईच्या सिबोटियमच्या देठावर केस, कूपेरीच्या देठावर पांढुरके खवले.

फोटोवरून जात ओळखून द्याल का?

पूर्ण झाडाचा, खालून वर काढलेला, आकाशाच्या पार्श्वभूमीवरचा सुंदर फोटो असेल तर नाही. त्यातून सावली दिसते, बाकी काही नाही. ओळख हवी असेल तर हे फोटो काढा: देठाचा तळ, केस किंवा खवले स्पष्ट दिसतील इतक्या जवळून, खोडाचा छातीच्या उंचीवरचा भाग, ठशांसह, एका दलाची मागची बाजू, पुंज दिसतील अशी, आणि कोवळी गुंडाळी. शेजारी मोजपट्टी ठेवा. ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची टिपून ठेवा. आणि पुंज कोवळे असतानाच पाहा, कारण पिकल्यावर पुंजत्राण फाटून गळून जाते आणि ते मुळात होते की नव्हते, हे मग कुणालाच सांगता येत नाही.